रीच नावाचा ग्रह आणि सात आठवड्यांची कादंबरी

साहित्याच्या इतिहासात काही पुस्तकांची नोंद राहून जाते, कारण ती कोणी करायची हेच ठरलेले नसते. व्हिडिओ गेमवर आधारलेली कादंबरी हा असा एक अनाथ प्रकार आहे. कादंबरीचे अभ्यासक तिला खेळण्यांच्या दुकानातला माल समजतात आणि खेळांचे अभ्यासक तिला खेळाबाहेरची जोडवस्तू मानतात. माध्यमांतर हा विषय आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा प्रवासाची दिशा बहुधा एकच असते. कादंबरीवरून नाटक होते, नाटकावरून चित्रपट होतो, आणि प्रत्येक पायरीवर मूळ कलाकृतीचे काय हरवले याची आपण मोजदाद करतो. मूळ कृतीत सांगण्यासारखे फारसे नव्हतेच आणि रूपांतरानेच त्यात ते भरले, अशी उलटी शक्यता या मोजदादीत बसत नाही. ती शक्यता तपासण्यासाठी आम्ही एरिक नायलंड यांची 'हेलो: द फॉल ऑफ रीच' ही विज्ञानकादंबरी पुन्हा वाचावयास घेतली.

ही कादंबरी ३० ऑक्टोबर २००१ रोजी अमेरिकेत डेल रे या प्रकाशनाने काढली. ज्या खेळासाठी ती लिहिली गेली तो 'हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड' त्यानंतर पंधरवड्याने, १५ नोव्हेंबर २००१ रोजी, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या नव्या यंत्राबरोबर बाजारात आला. म्हणजे जिला आपण 'खेळावर आधारित' म्हणतो ती कादंबरी वाचकाच्या हाती खेळाच्या आधी पडली. आधार कोणता आणि आधारित काय, हा प्रश्न तेव्हापासूनच सैल आहे.

या प्रकाराची वंशावळ थोडी मागे जाते. १९८०च्या दशकात इन्फोकॉम ही अमेरिकी कंपनी केवळ शब्दांचे खेळ तयार करीत असे. पडद्यावर चित्र नसे. वर्णन वाचावे आणि आज्ञा टंकित करावी, एवढाच व्यवहार. स्टीव्ह मेरेट्झ्की यांचा 'प्लॅनेटफॉल' (१९८३) हा त्यातला गाजलेला विज्ञानखेळ. त्यातला फ्लॉइड नावाचा बालिश यंत्रमानव खेळणाऱ्यासाठी प्राण देतो, आणि त्या प्रसंगी डोळे पाणावल्याचे त्या पिढीतील खेळणारे आजही सांगतात. आर्थर बायरन कव्हर यांनी १९८८ मध्ये त्याची कादंबरी केली. जो खेळ मुळातच वाचायचा होता त्याची कादंबरी करणे ही गोष्ट सोपी वाटते; प्रत्यक्षात ती अवघड असावी, कारण गद्य आधीच खर्ची पडलेले होते.

पुढच्या दशकात चित्रांचा जोर वाढला आणि शब्द आटले. 'डूम' (१९९३) या खेळात कथानक म्हणावे असे काही नव्हतेच. मंगळाच्या उपग्रहांवर राक्षस अवतरतात आणि एकटा सैनिक त्यांना मारीत सुटतो. डॅफिड अब ह्यू आणि ब्रॅड लिनावीवर या दोघांनी १९९५-९६ मध्ये त्यावर चार कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीत ते खेळाच्या दालनादालनांतून इमानाने फिरतात. पुढे मात्र त्यांचा धीर सुटतो आणि मालिका भलत्याच वाटेला लागते. अखेरच्या भागांत असे उघड होते की, विश्वातील दोन परग्रही गट युगानुयुगे लढत आहेत ते काही प्राचीन कथाखंडांचा अर्थ लावण्यावरून. त्यांपैकी एका गटाचे नाव आहे 'डीकन्स्ट्रक्शनिस्ट'. समीक्षेच्या संप्रदायांवरून आकाशगंगा पेटलेली पाहून साहित्याच्या अध्यापकांनी हसावे की सावध व्हावे, हे आम्हांला ठरवता आलेले नाही. पण या गमतीतून एक गोष्ट कळते. खेळात गोष्ट नसेल तर लेखक ती कुठूनही आणतो, आणि ती खेळाला चिकटत नाही.

'हेलो'ची परिस्थिती याहून निराळी होती. बंजी या छोट्या कंपनीने हा खेळ रचायला घेतला, १९९९च्या जुलैमध्ये अॅपलच्या संमेलनात स्टीव्ह जॉब्ज यांनी तो जगापुढे आणला, आणि २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंजीच विकत घेतली. नव्या यंत्राला एक दर्शनी नायक हवा होता. तो नायक म्हणजे हिरव्या चिलखतातला एक सैनिक. त्याला नाव नाही, केवळ हुद्दा आहे: मास्टर चीफ. त्याच्या शिरस्त्राणाची सोनेरी काच कधी वर होत नाही. खेळाच्या दृष्टीने ही रिकामी जागा अत्यंत शहाणपणाची, कारण त्या काचेमागे खेळणाऱ्याने स्वतःलाच पाहावे अशी योजना आहे. आणि नेमकी हीच रिकामी जागा कादंबरीकाराची अडचण. कादंबरीला माणूस लागतो. तो माणूस भरला तर खेळणाऱ्याला तिथून उठावे लागते.

नायलंड हे काम करण्यापूर्वी स्वतंत्र कादंबरीकार म्हणून उभे होते. शिक्षणाने ते रसायनशास्त्राचे आणि रासायनिक भौतिकीचे. 'सिग्नल टू नॉइज' (१९९८) आणि 'अ सिग्नल शॅटर्ड' (१९९९) या त्यांच्या कादंबऱ्या आलेल्या होत्या, आणि मायक्रोसॉफ्टमध्ये खेळांसाठी लेखन हा त्यांचा व्यवसाय होता. रीचच्या कादंबरीसाठी त्यांना मुदत मिळाली सात आठवड्यांची. एवढ्या अवधीत तीनशेहून अधिक पानांचे पुस्तक लिहायचे, तेही अजून पुरा न झालेल्या खेळाच्या चौकटीत, हे कोणत्याही लेखकाच्या छातीवर दडपण आणणारेच होते.

येथे 'मागणीनुसार लिहिलेले' हा शेरा मारून पुस्तक बाजूला ठेवण्याचा मोह होतो. मराठीच्या अभ्यासकांनी तरी तो आवरावा. कृष्णाजी अनंत सभासद यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला शिवचरित्राची बखर लिहिली ती छत्रपती राजारामांच्या आज्ञेवरून, आणि आपण ती आजही मराठी गद्याच्या इतिहासात आदराने शिकवतो. आज्ञा कोणाची होती हे महत्त्वाचे खरेच. परंतु आज्ञेच्या मर्यादेत लेखकाने काय पाहिले, हा त्यापुढचा प्रश्न असतो.

नायलंड यांनी अडचणीतून काढलेली वाट सरळ होती. खेळात मास्टर चीफचा वर्तमान आहे; त्याला त्यांनी हात लावला नाही. त्यांनी भूतकाळ घेतला. खेळ सुरू होतो तेव्हा 'पिलर ऑफ ऑटम' हे जहाज रीच नावाच्या ग्रहावरील पराभवातून निसटून आलेले असते. खेळात या ग्रहाचा उल्लेख ओझरता आहे, एवढाच. कादंबरीकाराने त्या ओझरत्या नावाला राजधानीसारखे वजन दिले. मानवी आरमाराचे सर्वांत मोठे ठाणे, जहाजबांधणीचा तळ, पृथ्वीच्या अलीकडचा शेवटचा मोठा अडसर म्हणजे रीच. आणि शीर्षकातच सांगून टाकले की, हा ग्रह पडणार. अंत ठाऊक असलेली गोष्ट वाचण्याची आपल्याला सवय आहे. पानिपतावरील कादंबरी कोणी विजयाच्या आशेने उघडत नाही. तेथे उत्कंठा 'काय होणार' याची नसते, 'कशामुळे' याची असते.

कथेचा आरंभ होतो २५१७ साली. डॉ. कॅथरिन हॅल्सी ही शास्त्रज्ञ आणि जेकब कीझ हा तरुण लष्करी अधिकारी एरिडॅनस २ या ग्रहावर जातात. तेथील एका शाळेच्या मैदानात सहा वर्षांचा जॉन खेळत असतो. हॅल्सी त्याच्याशी बोलते आणि एक खेळ मांडते: नाणे हवेत उडवायचे, त्याने बाजू सांगायची. मुलगा ते नाणे हवेतच टिपतो आणि बाजू बरोबर सांगतो. हॅल्सी ते नाणे त्याला देऊन टाकते. प्रसंग एवढाच आहे, दोनतीन पानांचा. एक कौतुक करणारी बाई, एक चुणचुणीत पोर, मधल्या सुट्टीचा गलका. वाचकाला एवढे उमगते की, ही निवड चाचणी आहे. मुलाला मात्र ते उमगलेले नसते. बक्षीस म्हणून मिळालेले ते नाणे त्याच्या आयुष्याची किंमत आहे, हे नायलंड कोठेही उच्चारत नाहीत. सात आठवड्यांच्या घाईत लिहिलेल्या पुस्तकातली ही पाने मात्र मुळीच घाईची वाटत नाहीत.

यानंतर जे होते ते खेळात कोठेही नाही. अशी पंचाहत्तर मुले त्यांच्या घरांतून पळवली जातात. त्यांच्या जागी घाईघाईने वाढवलेले त्यांचेच प्रतिरूप, क्लोन, ठेवले जातात. हे प्रतिरूप टिकणारे नसतात; ते आजारी पडतात आणि मरतात. आईबाप आपले मूल दुखण्याने गेले असे समजून शोक करतात आणि खरे मूल रीच ग्रहावरील छावणीत पहाटे उठवले जाते. फ्रँकलिन मेंडेझ हा अधिकारी त्यांना शिकवतो. चौदाव्या वर्षी त्यांच्या देहांवर शस्त्रक्रिया होतात: हाडे कठीण करणे, स्नायू वाढवणे, दृष्टी आणि प्रतिक्षेप तीव्र करणे. पंचाहत्तरांपैकी तीस मुले त्यात दगावतात, बारा कायमची अपंग होतात. उरतात ते तेहतीस.

हे आकडे कादंबरीत ठळकपणे येतात, पण आमच्या मते त्यांहून महत्त्वाचे आहेत ते सनांचे आकडे, आणि येथेच पुनर्वाचनाचा खरा लाभ झाला. कव्हेनंट ही परग्रहींची धर्मांध संघटना मानवांवर पहिला हल्ला करते तो हार्वेस्ट या ग्रहावर, २५२५ साली. आपला विनाश ही देवांची इच्छा आहे, अशा आशयाचा त्यांचा निरोप येतो आणि सर्वनाशाचे युद्ध सुरू होते. या युद्धात स्पार्टन सैनिक हेच मानवजातीचे कवच ठरतात. साहजिकच पहिल्या वाचनात मनात गणित होते: क्रूर खरे, पण ते नसते तर माणूस उरला नसता. परंतु मुले पळवली गेली २५१७ मध्ये. तेव्हा कव्हेनंटचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. मग स्पार्टन कोणासाठी घडवले जात होते? मानवी वसाहतींतील बंडखोरांसाठी. केंद्रसत्तेविरुद्ध उठलेल्या माणसांना मोडून काढण्यासाठी. स्पार्टनांची पहिली मोहीमही तीच आहे: एरिडॅनसच्या लघुग्रहांत दडलेल्या रॉबर्ट वॉट्स या बंडखोर कर्नलला पळवून आणणे. पळवून आणलेल्या मुलांना पहिले काम मिळते ते एका माणसाला पळवून आणण्याचे, आणि तेही जॉन जिथे जन्मला त्याच सूर्यमालेत.

म्हणजे गुन्हा आधीचा आणि समर्थन नंतरचे. योगायोगाने आलेल्या मोठ्या शत्रूने एका जुन्या पापाला पुण्याचा वेष दिला. कादंबरी हे कोणत्याही पात्राच्या तोंडून वदवीत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर लष्करी पद्धतीने वेळ, तारीख आणि स्थळ छापलेले आहे. ते मथळे ओळीने लावले की अर्थ आपोआप पुढे येतो. वाचक बहुधा हे मथळे ओलांडून पुढे जातो. आम्हीही पूर्वी गेलो असू. परंतु इतिहासाच्या पुस्तकात ज्याला कालानुक्रम म्हणतात तीच या कादंबरीची सर्वांत धारदार नैतिक टिप्पणी आहे.

पुस्तक प्रकाशित झाले तो काळ यासंदर्भात विसरता येत नाही. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर बरोबर सात आठवड्यांनी ते दुकानांत आले. लिहून ते आधीच झालेले होते, त्यामुळे त्या घटनेचे पडसाद त्यात शोधणे चुकीचे ठरेल. वाचकांचे डोळे मात्र बदललेले होते. देवाच्या नावाने मृत्यू आणणारा शत्रू, सर्वनाशाची छाया, आणि सुरक्षिततेसाठी राज्यसंस्थेने काय काय करावे हा प्रश्न, हे सर्व त्यांनी ताज्या जखमेसह वाचले. अशा वेळी बंडखोरांची गोष्ट मागे पडली आणि परग्रहींची पुढे आली, यात नवल नाही.

स्पार्टन या नावाचाही विचार करावयास हवा. छावणीत देजा नावाची कृत्रिम बुद्धी मुलांना शिकवते आणि थर्मोपिलीची कथा सांगते. इसवी सनपूर्व ४८० मध्ये तीनशे स्पार्टन खिंड अडवून लढले, ही ती सुप्रसिद्ध कथा. मुले भारावून ऐकतात. पण इतिहासातील स्पार्टा केवळ थर्मोपिली नव्हे. तेथे मुलगा सात वर्षांचा झाला की राज्यसंस्था त्याला घरातून काढून सामूहिक शिक्षणात घालीत असे. आणि त्या साऱ्या लष्करी शिस्तीचा डोलारा उभा होता हेलॉट या दास बनवलेल्या प्रजेला कायम दाबून ठेवण्यावर. म्हणजे हॅल्सीच्या योजनेची दोन्ही अंगे, पोर घरातून उचलणे आणि आतल्या बंडाची भीती, मूळ स्पार्टात आहेतच. वर्गात मात्र तीनशे वीरांचाच धडा होतो. पाठ्यपुस्तके काय वगळतात, हे आम्हांला कोणी नव्याने सांगावयास नको.

प्रशिक्षणाच्या प्रकरणांत एक प्रसंग आम्हांला विशेष भावला. मुलांच्या तीन-तीन जणांच्या तुकड्या करून उंच सांगाड्यावर चढण्याची स्पर्धा लावतात. वर टांगलेली घंटा वाजवायची आणि परत यायचे. जॉन सर्वांच्या पुढे जातो, पहिला येतो आणि जेवणाची वाट पाहतो. त्याला सांगण्यात येते की, त्याची तुकडी हरली आहे, कारण सॅम आणि केली मागे राहिले. तिघांनाही त्या रात्री उपास घडतो. सहा वर्षांच्या मुलाला 'एकट्याने जिंकणे म्हणजे हरणे' हे भुकेच्या मार्गाने शिकवले जाते. धडा खरा आहे, सुंदरही आहे. आणि तो देणारे हात कोणाचे आहेत हे आठवले की घास घशात अडकतो. कादंबरीची बरीचशी ताकद अशा दुहेरी प्रसंगांत आहे. या मुलांमध्ये पुढे जी निष्ठा, जे सख्य दिसते ते अस्सल आहे. त्याची पाळेमुळे एका फसवणुकीत आहेत, एवढेच.

सॅमचा मृत्यू हे याचे टोक. २५२५च्या नोव्हेंबरात जॉन, केली आणि सॅम नवे चिलखत घालून कव्हेनंटच्या जहाजात स्फोटके घेऊन शिरतात. सॅमच्या चिलखताला भोक पडते. बाहेर निर्वात पोकळी असल्याने त्याला परतता येत नाही. तो स्फोटकाची राखण करीत मागे थांबतो आणि उरलेले दोघे उडी घेतात. प्राण 'खर्च करणे' आणि 'वाया घालवणे' यांत भेद असतो, हा मेंडेझचा धडा जॉनला येथे पुरतेपणी कळतो, असे कादंबरी दाखवते. पण तेथे थांबून बोटांवर हिशेब करावा. २५१७ साली सहा वर्षांचा असलेला जॉन २५२५ साली चौदा वर्षांचा आहे. सॅमही तेवढाच. शस्त्रक्रियांनी वाढलेल्या त्या धिप्पाड देहांमुळे वाचक वय विसरतो. निवेदकही विसरतो की काय, अशी शंका आम्हांला येते, कारण या पानांत बालपणाचा मागमूस नाही. हा दोष मानावा की घडवलेल्या माणसाच्या मनाचे यथार्थ चित्रण मानावे, यावर आमच्यात मतभेद झाले आणि ते मिटलेले नाहीत.

दोष अर्थातच आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. शस्त्रास्त्रांची नावे, जहाजांची वर्णने आणि क्षेपणास्त्रांचे आकडे यांनी मधला भाग जड झाला आहे. सिग्मा ऑक्टॅनस येथील युद्धाची पाने वाचताना कादंबरी अनेकदा अहवालाची भाषा बोलू लागते. स्त्रीपात्रांत हॅल्सी सोडली तर कोणाला आतले जग नाही. केली वेगवान आहे आणि लिंडा नेमबाज आहे, याच्या पुढे आपण जात नाही. कव्हेनंटची बाजू आतून दिसतच नाही. शत्रूचा धर्म म्हणजे केवळ वेड, असे समजून चालण्याची मुभा वाचकाला मिळते. संवाद कामापुरते आहेत. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९५९) मधले यांत्रिक चिलखत आणि ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या 'एंडर्स गेम' (१९८५) मधले युद्धासाठी घडवलेले मूल हे विज्ञानसाहित्याच्या वाचकाला चटकन आठवते. मात्र एंडरच्या घरून संमती तरी घेतलेली असते. जॉनच्या घरी कोणी काही विचारलेलेच नाही.

रीचच्या पतनाची कारणमीमांसा मात्र कादंबरीने छान बांधली आहे. शत्रूला मानवी वसाहतींचा ठावठिकाणा लागू नये म्हणून 'कोल प्रोटोकॉल' नावाचा नियम असतो: माघार घेताना थेट घरच्या दिशेने जायचे नाही, संगणकातील नकाशे नष्ट करायचे. सिग्मा ऑक्टॅनसला कीझ आपल्या 'इरोक्वा' जहाजाने एक असामान्य डाव टाकून विजय मिळवतो. त्याचा गौरव होतो. आणि त्याच जहाजाच्या पाठीवर शत्रूने चिकटवलेले माग काढणारे यंत्र त्याच्याबरोबर रीचपर्यंत पोहोचते. विजयाची वाट धरूनच पराभव घरी येतो. ३० ऑगस्ट २५५२ रोजी तीनशेहून अधिक शत्रुजहाजे रीचवर कोसळतात. ग्रहाभोवतीच्या महाकाय तोफांना वीज पुरते ती जमिनीवरच्या जनित्रांमधून. बहुतेक स्पार्टन ती जनित्रे राखायला खाली उतरतात आणि जॉन दोन सोबत्यांसह अंतराळातील स्थानकावर जातो, कारण तेथे उभ्या असलेल्या एका जहाजातील नकाशे नष्ट करायचे राहिले आहेत. शाळेच्या मैदानातून उचललेली ती मुले शेवटी एका नियमाच्या अंमलबजावणीत विखुरली जातात.

याच संदर्भातील आणखी एक नियम. स्पार्टन मेला तरी त्याची नोंद 'मृत' अशी होत नाही. 'बेपत्ता' किंवा 'जखमी' अशीच होते. जनतेचे धैर्य खचू नये म्हणून आरमाराच्या गुप्तवार्ता खात्याने काढलेला हा आदेश. ज्यांचा मृत्यू सहाव्या वर्षी खोटा नोंदवला गेला, त्यांचा खरा मृत्यू पुढे नोंदवलाच जात नाही. कागदोपत्री ही माणसे एकदाच मरतात, आणि तेही जिवंत असताना.

कादंबरी यशस्वी झाली. लाखावर प्रती खपल्या, मागोमाग दुसरी आली. विल्यम डीट्झ यांनी लिहिलेली 'द फ्लड' (२००३) पहिल्या खेळाचीच कथा सांगते, आणि तुलनेसाठी ती उद्बोधक आहे. खेळातील दालने, शत्रू, गोळीबार यांचा क्रम ती पाळते; त्यामुळे ज्याने खेळ खेळला आहे त्याला आपण केलेलेच काम दुसऱ्याने करताना पाहावे लागते. त्या पुस्तकातली चांगली पाने खेळात नसलेल्या पात्रांची आहेत. नायलंड यांची निवड किती अचूक होती हे यावरून कळते. त्यांनी स्वतः नंतर 'फर्स्ट स्ट्राइक' (२००३) आणि 'घोस्ट्स ऑफ ऑनिक्स' (२००६) लिहिल्या.

पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडली. २०१० साली बंजीने 'हेलो: रीच' हा खेळ काढला, आणि नऊ वर्षे वाचकांनी ज्याला इतिहास मानले होते त्याचीच नवी आवृत्ती मांडली. कादंबरीत रीचवर घाला पडतो तो ऑगस्टच्या अखेरीस, आणि थेट. खेळात शत्रू त्याआधी काही आठवडे ग्रहावर उतरलेला आहे. कादंबरीत 'पिलर ऑफ ऑटम' अंतराळात आहे. खेळात ते जमिनीवर उभे आहे. त्याच वर्षी टॉर प्रकाशनाने कादंबरीची सुधारित आवृत्ती काढली, त्यात दुरुस्त्या केल्या, भर घातली. खेळाच्या विशेष संचासोबत डॉ. हॅल्सीची दैनंदिनी म्हणून एक पुस्तिका दिली गेली. तिने दोन्ही हकिकतींमध्ये जमेल तसे टाके घातले. बखरींच्या पाठभेदांवर डोळे शिणवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे सारे फार ओळखीचे वाटते. फरक असा की, बखरीच्या बाबतीत मूळ घटना कोठेतरी घडलेली असते. येथे साधन आणि घटना दोन्ही काल्पनिक. मालकी हक्क मात्र खरे, आणि कोणते साधन प्रमाण मानायचे हे त्या हक्कांवरून ठरते. वाचकांनी काय केले? अनेकांनी जुनी प्रत जपून ठेवली. त्यांच्या लेखी रीच पडले ते नायलंडच्या पानांवर.

२०१२ मध्ये मार्व्हलची चित्रकथा पुरी झाली, २०१५ मध्ये सचेतपट आला, आणि २०२२ ते २०२४ या काळात दूरचित्रवाणी मालिकेचे दोन हंगाम झाले. मालिकेने शिरस्त्राण काढून मास्टर चीफचा चेहरा दाखवला, आणि चाहत्यांचा मोठा वर्ग रुष्ट झाला. कादंबरीने पूर्वीच त्याला नाव दिले होते, बालपण दिले होते. त्याचा राग कोणाला आला नव्हता. शब्दांनी दिलेला चेहरा प्रत्येकाच्या मनात निराळा राहतो, हे त्यामागचे साधे कारण असावे.

एक धागा नायलंड यांनी हातात घेऊन तसाच सोडला होता: ती घरे. पंचाहत्तर घरांत पंचाहत्तर प्रतिरूपे मेली, आणि कादंबरी त्या दारांपाशी पुन्हा गेली नाही. दहा वर्षांनी ते काम केले कॅरन ट्रॅव्हिस या ब्रिटिश लेखिकेने. तिच्या 'ग्लासलँड्स' (२०११) पासून सुरू होणाऱ्या तीन कादंबऱ्यांत हॅल्सीला उभे करून जाब विचारलेला आहे. इतका कठोरपणे की, काही वाचकांना तो अन्याय वाटला. त्या कादंबऱ्यांत स्टॅफन सेन्ट्झके नावाचा एक बाप आहे. त्याची मुलगी हरवते, सापडते आणि मग आजारी पडून मरते. जी सापडली ती आपली नाओमी नव्हेच, असे त्याच्या मनाने घेतलेले आहे. कोणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. वर्षे जातात, तो बंडखोरांना जाऊन मिळतो, म्हणजे ज्यांना मोडण्यासाठी त्याची मुलगी नेली होती त्यांनाच. नाओमी जिवंत आहे, स्पार्टन आहे, आणि आपल्या बापाची फाइल तिच्यासमोर येते. 'मॉर्टल डिक्टाटा' (२०१४) या तिसऱ्या कादंबरीत ती दोघे समोरासमोर येतात.